उरलेली पानं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेत वह्या फाडल्याचा आवाज येतो. रागानं नव्हे, अगदी जपून. वर्षभराच्या वह्यांत मागं जी कोरी पानं राहिलेली असतात, ती मधल्या पिना उचकटून मोकळी करायची, एकावर एक रचायची, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायची आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून कव्हर घालायचं. जूनसाठी रफ वही तयार. या कामात मुलं भलती वाकबगार असतात. भूगोलाच्या वहीत पानं फार उरतात, गणिताच्या वहीत जवळपास नाहीच, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. इंग्रजीच्या वहीतही पुष्कळ उरतात, पण ती चाररेघी. दुसऱ्या कुठल्याच विषयाला चालत नाहीत. म्हणून ती रद्दीत जातात, नाहीतर घरी शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला.

मी सव्वीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, बहुतेक काळ सहावी ते आठवीला. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं त्या चाररेघी पानांकडं आणि त्याच सुमाराला उरणाऱ्या दहा-बारा दिवसांकडं माझं लक्षच गेलं नाही. ते गेलं त्यानंतरची ही हकीगत.

परीक्षा संपलेली असते, शाळा संपलेली नसते. सकाळची शाळा, सात ते साडेअकरा. गुरुजी आणि मॅडम पेपरांच्या गठ्ठ्यांत बुडालेले: तपासणी, गुणतक्ते, नोंदी, निकालपत्रकं, प्रगतिपुस्तकं. मुलांनी काय करायचं? शांत बसायचं. ती बसत नाहीत, मग नाव-गाव-फळ-फूल, चिठ्ठ्यांचा राजा-राणी-चोर-शिपाई, खिचडी खाऊन घरी. तीन-चार दिवसांत अर्धा वर्ग गायब. कुणी मामाच्या गावाला, कुणी शेतात.

२०२५ साली या दिवसांचा प्रश्न एकदम वर्तमानपत्रांत आला. राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेनं पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिलदरम्यान सगळीकडे एकाच वेळापत्रकानं घ्यायला सांगितलं. कारण दिलं ते खरंच होतं: शाळा एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षा उरकतात आणि मग मुलं फिरकत नाहीत. शिक्षक संघटना बिथरल्या, त्यांचंही खरं होतं. २५ एप्रिलला शेवटचा पेपर झाल्यावर १ मेला निकाल कसा लावायचा, आणि मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात पोरांना कशाला आणायचं? वाद बराच रंगला. त्यात एक प्रश्न मात्र मला कुठं दिसला नाही. मुलं परीक्षेनंतर येत नाहीत, तर परीक्षाच पुढं ढकलायची, हा उपाय झाला. परीक्षेनंतर त्यांनी यावं असं शाळेत काय असतं, हे कोणी विचारलं नाही. शेजारच्या गोव्यात तर त्याच वर्षी सहावी ते दहावीच्या वर्गांचं नवं शैक्षणिक वर्षच एप्रिलमध्ये सुरू केलं. कोरं पान दिसलं की त्यावर काहीतरी छापून टाकायचं, असा आपला एकूण स्वभाव.

आर. के. नारायण यांच्या १९३५ सालच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये शेवटचा पेपर झाल्यावर मालगुडीची पोरं एकमेकांच्या अंगावर शाईच्या दौती रिकाम्या करतात. इंग्रजांचं राज्य, इंग्रजी शाळा, आणि वर्षभर ज्या शाईनं छळलं तिचा हा शेवट. सातवीच्या वर्गात मी तो प्रसंग मराठीत सांगितला तेव्हा मुलं एवढी हसली की शेजारच्या वर्गातले सर येऊन उभे राहिले. मुलांपैकी एकानं विचारलं, "मॅडम, हे इंग्रजीत लिहिलंय?" इंग्रजीत असलं काही लिहिलेलं असू शकतं, हे सात वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला ठाऊक नव्हतं.

सात वर्षं, कारण २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी हा निर्णय रेटून नेला, त्यावर रणं माजली, आणि आज त्याबद्दल कुणी बोलत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. मात्र 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येणारी ४६.७ टक्केच निघाली. साधी म्हणजे खरोखर साधी. वाचता येतं आणि अर्थही सांगता येतो, अशी त्याहून कमी.

परीक्षेनंतरच्या या दिवसांत मी पहिल्यांदा काही करायचं ठरवलं तेव्हा तेच केलं जे कुणीही करतं. प्रकल्प दिला.

प्रकल्प या शब्दावर आमच्या पिढीच्या शिक्षकांनी डीएड-बीएडला गुण मिळवलेत. किलपॅट्रिक, १९१८, प्रकल्प पद्धती, चार पायऱ्या: हेतू, आखणी, अंमलबजावणी, मूल्यमापन. विल्यम किलपॅट्रिक हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधला प्राध्यापक, जॉन ड्युई यांच्या विचारांतला. त्याच्या निबंधाचा सगळा भर एका गोष्टीवर होता की काम मुलाला मनापासून करावंसं वाटलं पाहिजे, हेतू त्याचा स्वतःचा हवा. आम्ही चार पायऱ्या पाठ केल्या आणि मनापासून तेवढं गाळलं. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

प्रकल्पाचं पुढं काय झालं ते पाहायला जून-जुलैत किंवा मार्चमध्ये तालुक्याच्या कुठल्याही स्टेशनरी दुकानात उभं राहावं. कार्डशीट, मार्बल पेपर, चकमकी, छापील चित्रांचे तक्ते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला वाटलं होतं आता प्रकल्पांचं कसं होणार. काही झालं नाही, पुठ्ठा आला. वडील माणसं काउंटरवर टेकून म्हणतात, "इंग्रजीचा प्रोजेक्ट आहे, काहीतरी द्या." दुकानदाराला शाळा ठाऊक असते, इयत्ता ठाऊक असते, तो देतो. एका वर्षी माझ्याकडं आठवीतून पार्ट्स ऑफ स्पीचची एकेचाळीस झाडं आली. फांदीवर नाऊन, फांदीवर व्हर्ब, बुंध्याला हिरवा मार्बल पेपर. बऱ्याच झाडांवर अक्षर आयांचं होतं, तीन-चार झाडांवर एकाच आईचं. बाकीच्यांनी तिच्याकडून करून घेतली असणार. ती बाई इंग्रजीत पास झाली असं समजायला हरकत नव्हती.

पुढच्या वर्षी झाडं बंद करून पुस्तक परीक्षण सुरू केलं. कपाटातलं इंग्रजी पुस्तक घ्या, वाचा, लिहा: नाव, लेखक, पात्रं, सारांश, तात्पर्य. ते झाडांपेक्षा वाईट निघालं. सगळ्यांनी मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला, आणि तात्पर्य प्रत्येकाचं एकच, खोटं बोलू नये. त्यात समुद्री कासवांवरचं एक माहितीचं पुस्तक होतं. त्याचंही तात्पर्य खोटं बोलू नये. आता तर हा त्रासही उरला नाही. घरातल्या मोबाइलला सांगितलं की तो परीक्षण लिहून देतो, आणि त्याचं तात्पर्य जरा वेगळं असतं इतकंच.

याच सुमाराला नॅन्सी अ‍ॅटवेल हे नाव माझ्या वाचनात आलं, आणि ते आपल्या परितेवाडीच्या वाटेनं आलं. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटली, तेव्हा मी सहज पाहिलं की हा पुरस्कार आधी कुणाला मिळालाय. २०१५ चा, अगदी पहिला पुरस्कार, एका इंग्रजीच्या बाईंचा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथं एजकोम या लहानशा गावात अ‍ॅटवेलबाईंनी १९९० मध्ये शाळा काढली. पुरस्काराची सगळी रक्कम त्यांनी त्या शाळेला देऊन टाकली. त्यांच्या मुलांचं वर्षाचं सरासरी वाचन चाळीस पुस्तकांच्या आसपास.

चाळीस वाचून माझा विश्वास बसला नाही, मग हेवा वाटला, मग पुस्तक मागवलं. 'इन द मिडल' हे त्यांचं १९८७ चं पुस्तक अमेरिकेतल्या माध्यमिकपूर्व वर्गांच्या इंग्रजी शिक्षकांमध्ये जवळजवळ पोथीसारखं मानलं जातं. त्याची सुरुवात कबुलीजबाबासारखी आहे: आपण मोठ्या टेबलामागं बसून ठरवलेला अभ्यासक्रम कसा राबवत होतो आणि तिथून उठून मुलांच्या बाकांमध्ये यायला किती वर्षं लागली. आल्यावर त्यांनी केलं ते फार साधं. पुस्तक मुलानं निवडायचं, रोज वर्गातच वाचायचं आणि वाचलेल्याबद्दल बाईंना पत्र लिहायचं. पत्राला बाई उत्तर देतात. पुस्तकावर कलाकुसरीच्या प्रकल्पांना त्यांचा विरोधच. खोक्यातले देखावे आणि साच्यातली परीक्षणं यांनी वाचणारा घडत नाही, वाचण्याचा वेळ तेवढा जातो, असं त्यांचं म्हणणं. मला माझी एकेचाळीस झाडं आठवली.

अमेरिकेत सगळं असंच आलबेल आहे असं मात्र नाही. २००२ च्या कायद्यानं तिथं तिसरी ते आठवीला दरवर्षी वाचन आणि गणिताच्या राज्यस्तरीय चाचण्या सक्तीच्या झाल्या. त्या वसंतात होतात, शाळा मेअखेर किंवा जूनपर्यंत चालते, आणि मधले आठवडे तिथल्या शिक्षकांनाही खायला उठतात. सिनेमे दाखवले जातात, पोस्टरं रंगवली जातात. त्यातल्या त्यात बरी म्हणावी अशी एक रीत तिकडं घरोघरी, म्हणजे वर्गोवर्गी, आहे. केंटकीच्या जॉर्ज एला लायन या कवयित्रीच्या 'व्हेअर आय अ‍ॅम फ्रॉम' या कवितेचा आराखडा घेऊन मुलं स्वतःच्या घराची, खाण्याची, म्हणींची, माणसांची कविता लिहितात. हे मी उचललं. त्याचं काय झालं ते पुढं येईल.

आधी पुस्तकांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडतं.

आमच्या सातवीतलं पोर बारा-तेरा वर्षांचं. घरी ते मोटार दुरुस्त करतं, म्हशीची धार काढतं, धाकट्या बहिणीला सांभाळतं. त्याला जेवढं इंग्रजी वाचता येतं तेवढ्यात लिहिलेली पुस्तकं असतात सहा वर्षांच्या मुलांसाठी. बदकाची टोपी हरवली. बदकाला टोपी मिळाली. ते पुस्तक त्याच्या हातात दिलं की त्याचा चेहरा पाहवत नाही. आणि त्याच्या वयाची पुस्तकं दिली तर पहिल्या पानावर अकरा शब्द अडतात. मराठी माध्यमातल्या इंग्रजीची खरी अडचण ही आहे. व्याकरण वगैरे नंतर. याला मी जे जे केलं त्यातलं थोडं चाललं.

चाललं ते असं. 'टिंकल'चे जुने अंक. अनंत पै यांनी १९८० मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे मासिक रद्दीवाल्याकडं किलोनं मिळतं. त्यातल्या सुप्पंडी या पात्राचा मूर्खपणा समजायला चित्र पुरतं आणि मग विनोद नीट कळावा म्हणून शब्द वाचला जातो. बंगळुरूच्या प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे २०१५ पासूनचं संकेतस्थळ: गोष्टी फुकट, वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या, तीच गोष्ट मराठीतही आणि इंग्रजीतही, छापून घ्यायलाही मोकळीक. तूलिका प्रकाशनाची द्विभाषिक पुस्तकं, एका पानावर दोन्ही भाषा. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरचा पुस्तकांचा खजिना. पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान शोधिकेत त्यांनी खेळणी केली, तशीच ही पुस्तकंही जगासाठी उघडी करून ठेवली. आणि सगळ्यांत जास्त चाललं ते मुलांनी मराठीत आधीच वाचलेलं पुस्तक. 'तोत्तोचान' ज्यांनी मराठीत वाचलं होतं त्या मुली तिचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसल्या तेव्हा अडलेल्या शब्दाला थांबत नव्हत्या. गोष्ट ठाऊक असली की शब्द वाटेत आपोआप भेटतात, एखाद्या गावात आपलं कुणी राहत असावं तसं.

यातूनच एका एप्रिलमध्ये 'श्यामची आई' वर्गात आली. शांता गोखले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये पफिननं काढलाय. मी दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली आणि पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामचा प्रसंग आधी मराठीत वाचला. मग चौघाचौघांचे गट केले आणि सांगितलं, इंग्रजीवरून परत मराठी करा, मूळ न बघता. मग मूळ बघा.

तासभर नुसता गोंधळ. मराठीतच गोंधळ, हे मुद्दाम सांगते, कारण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही असा एक नियम असतो आणि त्यानं इंग्रजीचा तास मुक्याचा तास होतो. पोरं भांडत होती. "असं नाही म्हणत आमच्याकडं." "मग पदराला काय म्हणायचं?" "साडीचं टोक." "टोक कसं? टोकाला कुणी नाक पुसतं का?" शेवटी मलाच विचारलं, मॅडम, पदराला इंग्रजीत काय म्हणतात. मी म्हटलं, काही म्हणत नाहीत, त्यांच्याकडं पदर नाही. यावर वर्ग काही क्षण गप्प झाला. इंग्रजीत एखादा शब्द नाही, म्हणजे इंग्रजीला काहीतरी येत नाही, ही कल्पना त्यांना नवी होती. आजवर न येणारं माणूस म्हणजे आपण.

त्या गप्प क्षणातून आमचा शब्दकोश निघाला. इंग्रजीत नसलेल्या शब्दांचा इंग्रजी शब्दकोश. प्रत्येकानं घरून शब्द आणायचा, त्याचा अर्थ इंग्रजीत लिहायचा, जमेल तसा, इंग्रजी माणसाला कळेल असा. चाररेघी वह्यांतली उरलेली पानं गोळा केली. पदराची नोंद एका सातवीतल्या मुलीची होती: 'पदर इज द लास्ट पार्ट ऑफ सारी. मदर युजेस इट फॉर हॉट पॉट, फॉर माय नोज अँड फॉर ट्वेंटी रुपीज.' वीस रुपये कोपऱ्याला गाठ मारून ठेवलेले असतात, हे इंग्रजी माणसाला कळेल का, यावर पुन्हा भांडण झालं आणि तिनं कंसात गाठीचं चित्र काढलं. उष्टं: 'फूड विथ समबडीज माउथ इन इट.' माहेर: 'हाउस व्हेअर मदर बिकम्स गर्ल.' या नोंदीवर मी काय बोलू हे मला सुचलं नाही, आणि मी काही बोलले नाही.

आमच्याकडं एप्रिलला आणखी एक गोष्ट होते. ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलला घरी. त्यांची काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही नातेवाइकांकडं, काही आईबापांबरोबरच फडावर. ती परतल्यावर वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसतात. बाकीच्यांचं वर्ष संपत आलेलं असतं, यांचं सुरू होत असतं. परीक्षा त्यांच्यासाठी निव्वळ अपमान. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडं अडचण म्हणून पाहिलं: हजेरी पूर्ण करायची, संकलित चाचणीचे गुण कुठून आणायचे, वगैरे. परीक्षेनंतरचे दिवस हेच त्यांचे शाळेतले खरे दिवस असतात, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

शब्दकोशाच्या तिसऱ्या दिवशी अशा एका मुलानं पान आणून दिलं. सहावीतला. पाचवीच्या दिवाळीपासून त्यानं सलग इंग्रजी असं काही शिकलेलं नव्हतं. स्पेलिंग जवळजवळ प्रत्येक चुकीचं, मोठ्यानं वाचलं तरच कळणारं. शब्द होते: कोयता, मोळी, पाचट, वाढं, मुकादम, उचल. कोयत्याची नोंद: 'कोयता इज नाइफ. बट वन कोयता इज टू पर्सन, हजबंड अँड वाइफ.' उचलीची: 'मनी बिफोर वर्क. देन वर्क इज नॉट फिनिश.'

मी हे पान शिक्षक खोलीत वाचून दाखवलं. एका सरांनी विचारलं, "स्पेलिंग तपासलंत का?"

तपासलं. त्याचंही सांगते, कारण यावर शिक्षकांत कायम जुंपते. चुका तशाच ठेवल्या तर मुलाला कधी येणार, आणि सगळ्या लाल केल्या तर तो पुन्हा लिहील का? माझा तोडगा कुठल्या पुस्तकातला नाही. स्पेलिंग दुरुस्त करायचं, मुलाच्या शेजारी बसून, पेन्सिलीनं. वाक्याला हात लावायचा नाही. 'हाउस व्हेअर मदर बिकम्स गर्ल' याला व्याकरणाच्या नावाखाली कुणी सरळ केलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. साहेब आले आणि वही उघडली तर काय, अशी धास्ती मुख्याध्यापकांना होती. साहेब आले नाहीत. एप्रिलअखेर कोण येतो?

लायनबाईंच्या कवितेचा प्रयोगही ऊसतोडीहून परतलेल्या पोरांमुळंच तगला. गावात राहिलेल्या मुलांनी लिहिलं: मी आंब्याच्या झाडाची, मी विठ्ठलाच्या देवळाची, म्हणजे निबंधमालेतलं गाव. फडावरून आलेल्यांना मात्र मी कुठला या प्रश्नाचं सोपं उत्तरच नव्हतं. त्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली लिहिली, दर वर्षी बदलणारी कोपी लिहिली, पहाटे चारची थंडी लिहिली. ते ऐकून बाकीच्यांनी आपापली कविता परत मागून घेतली. मी सांगितलं नव्हतं.

या सगळ्यात आपल्याकडं नवं असं काही नाही. हस्तलिखित हा शब्द मराठी शाळेला फार जुना आहे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत, रोज. पुढं १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिकही काढलं. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या माणसाचा हात असा आधीच मुलांसाठी रोज लिहून तयार झालेला होता. आमच्या लहानपणी शाळाशाळांतून हस्तलिखितं निघत, त्यांची प्रकाशनं होत, मग ती काचेच्या कपाटात जात आणि तिथंच राहत. तेवढं एक मला टाळायचं होतं. शब्दकोश कुणी वाचायचा, हे आधी ठरवलं: पुढच्या वर्षीच्या पाचवीनं. मुलं त्यामुळं एकदम जबाबदार झाली. पाचवीला हे कळणार नाही, म्हणून आपणहून सोपं वाक्य शोधायला लागली. मी तेच वर्षभर सांगत होते तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

आता सुट्टीचं. एप्रिलअखेर शाळेत एक सूचना फिरते, ग्रंथालयाची सर्व पुस्तकं जमा करावीत. शिल्लक मोजायची असते, शिक्के मारायचे असतात. म्हणजे मुलांना वर्षातला सगळ्यांत मोठा मोकळा वेळ मिळतो त्याच दिवशी आपण त्यांच्या हातातली पुस्तकं काढून घेतो. अमेरिकेत रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रॅन्झेन यांनी फ्लोरिडातल्या सतरा गरीब वस्तीतल्या शाळांत याच्या नेमकं उलट करून पाहिलं. लहान मुलांना शाळेच्या शेवटच्या दिवशी बारा-बारा पुस्तकं दिली, स्वतः निवडलेली, ओळीनं तीन उन्हाळे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की या मुलांचं वाचन इतरांपेक्षा लक्षणीय सुधारलं, सगळ्यांत गरिबांचं सगळ्यांत जास्त, आणि परिणाम उन्हाळी वर्गांच्या तोडीचा निघाला. मुलांनी निवडलेली पुस्तकं थोरामोठ्यांची नव्हती. टीव्हीवरचे चेहरे, गाणारी मंडळी, असलीच लोकप्रिय होती. निवडू दिलं होतं, त्यामुळं नाक मुरडायची सोय नव्हती.

मी निवृत्तीच्या आधीची तीन वर्षं पुस्तकं जमा केली नाहीत. निकालाच्या दिवशी, १ मेला, झेंडावंदन झाल्यावर प्रगतिपुस्तकाबरोबर प्रत्येकाला दोन-दोन दिली. एक मराठी, एक इंग्रजी, निवड त्यांची. हिशेबाचा प्रश्न आला तेव्हा फाटकं पुस्तक माझ्या नावावर टाका असं लिहून दिलं. जूनमध्ये सात-आठ परत आली नाहीत. काही आली ती आमरसाचे डाग घेऊन. एका 'टिंकल'चं मधलं पान नव्हतं. ते आजोबांनी तंबाखूला वापरलं, असं पोरानं प्रामाणिकपणे सांगितलं. फाटक्यांचे पैसे माझ्या पगारातून गेले का, असं लोक विचारतात. एकदा गेले, एकशे ऐंशी रुपये.

शब्दकोश जूनमध्ये पाचवीच्या वर्गात खिळ्याला दोरीनं टांगला होता. शिवण चांगली घट्ट होती. ऑगस्टमध्ये मी सहज चाळला तर कडा मळलेल्या, दोन पानं निघालेली. उष्टं या नोंदीखाली पेन्सिलीनं, मोठ्या, चार रेघांत न मावणाऱ्या अक्षरांत कुणीतरी पाचवीतल्यानं एक ओळ घातली होती: 'मदर्स उष्टं इज नॉट उष्टं.'